सुरंगीची सतरा रोपं

वाचल्याशिवाय मी आता कशावरही सही करत नाही. लग्नाच्या आहेराचं पाकीट असो नाहीतर सोसायटीच्या मीटिंगचं रजिस्टर, मी चष्मा लावतो आणि वरपासून खालपर्यंत वाचतो. मागे लोक ताटकळतात, घरचे हसतात. हसू देत. एकदा घाईघाईत सही केली होती. खरं तर न वाचता केली असंही म्हणता येणार नाही. मला ती जबानी मोठ्याने वाचून दाखवली होती, मी ती ऐकली होती, आणि तरीही केली होती. ती कुणी घेतली हे सांगायचं तर रत्नागिरीतल्या माझ्या घरमालकांबद्दल सांगायला हवं.

सगळे त्यांना भाऊ म्हणत. कोर्टात शिरस्तेदार होते, म्हणजे तिथल्या सगळ्या कारकुनांचे मुख्य. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण कोर्ट काही त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती, माझी नुकतीच कऱ्हाडहून तिकडे बदली झाली होती आणि मी खोली शोधत हिंडत होतो. भाऊंच्या दारात उभा राहिलो. त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं. तेव्हा त्यांनी रस्त्याकडे तोंड करून खणखणीत आवाजात माझ्या नावाचा तीनदा पुकारा केला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा. गोंधळून म्हणालो, "हजर आहे!" त्यांचा चेहरा असा काही खुलला की खोली तिथल्या तिथे मिळाली.

चहात साखर जास्त पडली तर ते "नोंद घेतली" म्हणत. भाजी आवडली नाही तर "हरकत आहे." रोजच्या घडामोडी ते एका लांबट वहीत लिहीत आणि तिला रोजनामा म्हणत. "पावसाने सकाळपासून हजेरी लावली. भाडेकरू उशिरा उठला. कारण दिले नाही." हे मी स्वतः वाचलेलं आहे. आणि मे महिन्यात कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, हा त्यांचा कडक नियम. मी मे महिन्यात एकदा विचारलं, "भाऊ, खोलीत एक फळी ठोकू का?" तर म्हणाले, "कोर्टाला सुट्टी आहे. जूनमध्ये अर्ज करा." मी खो खो हसलो. ते हसले नाहीत.

"एकदाच मोडला हा नियम," थोड्या वेळाने म्हणाले. "त्याची शिक्षा भोगतोय."

शिक्षा म्हणजे काय, ते मला भागीबाईकडून कळलं. भागीबाई शेजारच्या वाडीतून रोज सकाळी यायची. अंगण झाडायची, गोठा काढायची, भांडी घासायची. वीस वर्षं येत होती. भाऊ तिला नुसतं भागी म्हणत, आणि ती भाऊंच्या बायकोला बाय म्हणे. मी राहायला गेलो त्याच्या दोनेक महिने आधी बाय गेल्या होत्या, त्यामुळे मी त्यांना पाहिलं नाही. त्यांच्या आवडीचं सुरंगीचं झाड मात्र सगळ्यांच्या बोलण्यात असायचं. होळीच्या आसपास फुलायचं, वास पार रस्त्यापर्यंत जायचा. बाय पहाटे उठून खाली चादर अंथरायच्या आणि फुलं वेचून वळेसर, म्हणजे गजरे, करायच्या.

आदल्या वर्षी मे महिन्यात कौलं चाळायला माणूस आला होता. तो म्हणाला, भाऊ, या झाडाच्या फांद्यांनी तुमची कौलं फुटतायत, दर पावसात गळणार. भाऊंनी उभ्या उभ्या सांगितलं, तोडून टाक. बाय तेव्हा आजारी होत्या, आत खाटेवर पडून होत्या. कुऱ्हाडीचा आवाज त्यांनी ऐकला. काही बोलल्या नाहीत.

"बोलल्या असत्या तर बरं झालं असतं," भाऊ म्हणायचे. "विरुद्ध पक्षाने बाजूच मांडली नाही. एकतर्फी निकाल झाला."

पडलेल्या झाडावर फळं होती. ती भागीबाईने वेचली, बिया काढल्या आणि गोठ्यामागे फुटक्या मडक्यांत रुजत घातल्या, कुणाला न सांगता. बाय गेल्यावर, पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी, तिने भाऊंना हाताला धरून गोठ्यामागे नेलं. मडक्यांत बोटभर उंचीची, तांबूस कोवळ्या पानांची रोपं उभी होती. सतरा.

"बायचा झाड हाय," ती म्हणाली. "आता नीट लावा."

भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. सतराच्या सतरा रोपं त्यांनी मागच्या परड्यात, गडग्याच्या कडेला ओळीने लावली. गडगा म्हणजे जांभ्या दगडाची नुसती रचलेली बुटकी भिंत. प्रत्येक रोपाशेजारी बांबूची एक चपटी काडी खोचली, रोप तिला दोऱ्याने बांधलं आणि तिच्यावर डांबराने क्रमांक घातला. एक ते सतरा. रोज सकाळी छत्री घेऊन जात आणि पुकारा करीत, "क्रमांक एक! क्रमांक दोन!" मी खिडकीतून बघून हसायचो. आता वाटतं, तो माणूस रोज सतरा वेळा बायकोची माफी मागत होता. मला तेव्हा गंमत वाटत होती.

आषाढ लागला आणि एका सकाळी क्रमांक सहा हजर नव्हता.

नुसतं रोप नाही, काडीसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी नऊ आणि दहा गेले. भाऊंनी पंचनामा केला. पंच म्हणून मला आणि दूधवाल्याला उभं केलं. शेजाऱ्याची बकरी? नाही, बकरी शेंडा खाते, काडी कशाला नेईल. साळिंदर? उकरल्याची खूण नाही. वाळवी? मुळं तरी मागे राहिली असती. प्रत्येक संशयिताचं नाव वहीत लिहून त्यापुढे "पुराव्याअभावी मुक्त" असा शेरा मारला. मग त्यांनी संध्याकाळी ओळीभोवती चुलीतली राख पसरली, पावलं उमटतील म्हणून. पहाटे पावसाची सर आली. भाऊ मला म्हणाले, "पुरावा नष्ट करण्यात आला." पावसावरच गुन्हा दाखल करतात की काय, असं मला वाटलं.

एकदा मात्र पाऊस उघडला होता आणि चिखलावर खुणा सापडल्या. पावलं नव्हती, बारीक बारीक आडव्या ओरखड्यांच्या ओळी होत्या, काड्यांनी खरवडल्यासारख्या. भाऊ उकिडवे बसून कितीतरी वेळ त्या बघत राहिले. मग उठून माझ्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "खराटा."

"कसला खराटा?"

"पावलं पुसलीयत. खराट्याने."

खराटा त्या घरात एकच माणूस हातात धरायचं. तो माणूस कोण ते मला कळलं, पण मी काय बोललो? "असेल बुवा," एवढंच.

आणि मग माझ्याच तोंडून ते निघून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारी दात घासत होतो. भागीबाई काम आटपून गडग्यावरून पलीकडे उतरत होती. एरवी पुढच्या दाराने जायची. पदराची झोळी केलेली आणि तीत काहीतरी हिरवं. मी आत येऊन सहज, अगदी सहज म्हणालो, "भागीबाई आज मागून गेली वाटतं. पदरात काहीतरी हिरवं होतं."

भाऊंनी दौत-टाक पुढे ओढली. हो, दौत-टाक. बॉलपेनने लिहिलेलं टिकत नाही म्हणायचे. मला ऑफिसची घाई होती, हातात चहाचा कप होता. ते लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं. "मी खाली सही करणार, सदर घरातील भाडेकरू, लिहून देतो की, आज रोजी सकाळी सदर बाई सुरंगीची रोपे पदराखाली झाकून मागील गडग्यावरून नेत असताना मी समक्ष पाहिली."

"भाऊ," मी म्हटलं, "रोपं होती असं मी..."

"हिरवं होतं ना?"

"हिरवं होतं."

"पदरात होतं ना?"

"पदरात होतं."

"मग?"

मग काय? घड्याळात नऊ चाळीस झाले होते. कशाला म्हाताऱ्याशी हुज्जत घाला, हा त्यांचा खेळ आहे, वहीत पडून राहील, असं मी स्वतःला सांगितलं. सही केली आणि उरलेला चहा एका घोटात संपवला.

तो खेळ नव्हता, ते दुसऱ्या दिवशी कळलं. रविवार होता, त्यामुळे मला पळ काढायलाही जागा नव्हती. भाऊंनी भागीबाईला पडवीत उभं केलं, मला खुर्चीवर बसवलं आणि कागद वाचला. वर हेतूही सांगितला. बिया तिने रुजवल्या म्हणून रोपं आपलीच आहेत असा तिचा समज झाला, सबब ती एकेक करून नेते.

भागीबाईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "भाऊ, मला व्हयी असती तर मडक्यातनाच नेली असती. तुमाला दाकवली कशाला असती?"

इतकं साधं होतं ते. कोर्टात अख्खी हयात गेलेल्या माणसाला सुचलं नव्हतं, मलाही सुचलं नव्हतं. भाऊंनी कागदावर बोट ठेवलं. "साक्षीदार आहे."

तेव्हा ती माझ्याकडे वळली. "सायब, तुमी बगितलात? रोपा बगितलात?"

एक वाक्य बोलायचं होतं, "नाही, रोपं नाही पाहिली." पण समोर सही होती. सुशिक्षित माणूस, सरकारी नोकर, आणि न पाहिलेल्या गोष्टीवर सही करतो हे त्या बाईसमोर कबूल करायची मला लाज वाटली. मी गप्प बसलो.

"टाकळा व्हता तो," ती मला म्हणाली. "पलीकडं उगावलाय ढीगभर. भाजीला नेत व्हते. घाटावर काय टाकळा खाईत नाईत?"

मग भाऊंना म्हणाली, "देवळात चला. देवीसमोर नारळ ठेवते, त्यावर हात ठेवून सांगते."

त्या भागात याच्यापुढे बोलणं नसतं. देवीसमोर खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही. पण भाऊ म्हणाले, "देवी जबानीवर सही करते का? मला लेखी लागतं."

"मला लिवता येत नाय," भागीबाई म्हणाली. तिने हातातला खराटा रोजच्या जागी भिंतीला उभा करून ठेवला आणि पुढच्या दाराने निघून गेली. ती पुन्हा आली नाही.

रोपं मात्र जातच राहिली. भाऊ सुरुवातीला म्हणाले, चोरून येत असेल. मग म्हणायचे बंद झाले. अंगणात पाला साठला, भांडी मी घासू लागलो, आणि रोजनाम्यात दोन-दोन दिवस काही लिहिलेलं नसे. श्रावणात दोनच रोपं उरली, चार आणि अकरा. एका ढगाळ सकाळी भाऊ पाट घेऊन, छत्री उघडून त्या ओळीसमोर जाऊन बसले. म्हणाले, "आता हलायचं नाही."

तासाभराने त्यांनी माझ्या नावाचा पुकारा केला. तीनदा नाही, एकदाच, आणि आवाज चिरका. मी धावत गेलो. वारा अजिबात नव्हता, आणि क्रमांक चार हलत होता. थरथरला, कलला, आणि बघता बघता आडवा होऊन गडग्याकडे सरकायला लागला. पुढे एक हाताच्या पंजाएवढी कुर्ली होती. तुमच्या-आमच्या भाषेत खेकडा. नांगीत देठ धरून ती तिरकी तिरकी चालली होती आणि तिच्या पायांनी मऊ चिखलावर बारीक आडवे ओरखडे उमटत होते. खराट्याचे.

आम्ही गडग्याचे दगड उपसले. खाली बीळ होतं. त्यात सुकलेले देठ, कुरतडलेली तांबूस पानं आणि चिखलाने माखलेल्या काड्या, रोपाबरोबर ओढून नेलेल्या. भाऊंनी एक काडी धोतराला पुसली. क्रमांक नऊ. ते तसेच चिखलात खाली बसले.

"जन्म कोकणात गेला माझा," ते म्हणाले. "कुर्ली कोवळं रोप नेते हे मला माहीत नाही का? लहानपणी वालाची रोपं राखायला बसवायचे आम्हाला. माहीत होतं. पण चोर माणूसच असणार असं धरून चाललो. हयातभर माणसंच उभी केली ना समोर."

त्याच दिवशी त्यांनी निकालपत्र लिहिलं. चांगलं दोन पानी. सदर बाईवरील आरोप निखालस खोटा असून ती निर्दोष आहे, फिर्यादीने तिची बिनशर्त माफी मागावी. फिर्यादी म्हणजे ते स्वतः. शेवटचं रोप, अकरा नंबर, त्यांनी मातीसकट उचलून पत्र्याच्या डब्यात घातलं आणि मला म्हणाले, "चला. साक्षीदाराने समक्ष जबानी मागे घ्यायला हवी."

मी म्हणालो, "भाऊ, आज ऑफिसात इन्स्पेक्शन आहे."

इन्स्पेक्शन वगैरे काही नव्हतं. टेबलाशी बसून मी दिवसभर पेन्सिलींना टोकं काढत होतो. ती बाई पुन्हा "तुमी बगितलात?" म्हणून विचारेल, एवढ्याचीच मला भीती होती.

संध्याकाळी भाऊ परत आले, डबा नव्हता, कागद होता. म्हणाले, "रोप ठेवून घेतलं. बायचं आहे म्हणाली. कागद घेतला नाही. म्हणाली, तुम्ही तर काहीच बघितलं नव्हतं, तुमची माफी कसली. ज्याने बघितलं म्हणून सही केली त्याला येऊन सांगू दे." मग म्हणाले, "बरोबर आहे तिचं. कायद्याने बरोबर आहे."

"येत्या रविवारी जाऊ," मी म्हणालो. त्या रविवारी धो धो पाऊस होता. पुढच्या रविवारी मी गणपतीला गावी गेलो. मग हे, मग ते. वाडी पंधरा मिनिटांवर होती हो! हिवाळ्यात माझी सांगलीला बदली झाली, आणि खरं सांगतो, ऑर्डर हातात पडल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो सुटलो असाच.

भाऊंची पोस्टकार्डं येत. वर्षातून एक, श्रावणात. "सदर कामी आपली हजेरी आवश्यक आहे. सवडीने यावे." खाली तारीख आणि सही. मी ती कार्डं ऑफिसात दाखवायचो. आमच्या रत्नागिरीच्या म्हाताऱ्याचं समन्स आलं रे, म्हणायचो, आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. दोनदा मी उत्तर पाठवलं, कामाचा व्याप फार आहे म्हणून. बाकीच्या वेळी तेही नाही. सहाव्या कार्डावरचं अक्षर हललं होतं. नंतर कार्ड आलं नाही. त्यांच्या पुण्याच्या मुलीचं पत्र आलं. भाऊ गेले, आणि त्यांच्या कपाटात तुमच्या नावाचा एक लखोटा आहे, तो सोबत पाठवते आहे.

लखोट्यात दोन कागद होते. एक माझी जबानी, खाली माझी झोकदार सही. दुसरं ते निकालपत्र. त्याच्या पाठीवर दौत-टाकाने लिहिलेल्या सहा ओळी होत्या, दर श्रावणातली एक. सगळ्यांत मजकूर तोच. "आरोपीच्या घरी समक्ष गेलो. साक्षीदार गैरहजर. काम तहकूब." सहावी ओळ वाकडी होत होत कागदाच्या कडेला गेली होती.

म्हणजे मी सांगलीत बसून कार्डं वाचून दाखवत होतो, तेव्हा हा माणूस दर वर्षी छत्री घेऊन त्या वाडीत जात होता आणि माझ्यामुळे तसाच परत येत होता. सहा वर्षं. एका शब्दाने बोलले नाहीत ते मला कधी. शिवी हासडली असती तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एस.टी. पकडली.

भागीबाई अंगणातच होती, भाताच्या पेंढ्या रचत होती. केस पांढरे झाले होते. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. "सायब," एवढंच म्हणाली. पडवीच्या समोर सुरंगीचं झाड होतं, माझ्या छातीला लागेल एवढं. सुरंगी फार हळू वाढते. त्याच्या बुंध्याला बांबूची काडी अजून बांधलेली होती, क्रमांक पुसला गेला होता.

मी बसलोसुद्धा नाही. उभ्यानेच म्हणालो, "भागीबाई, मी रोपं पाहिली नव्हती. तो टाकळाच होता. मी खोट्यावर सही केली." हे बोलायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

ती पेंढी बांधत होती. गाठ मारून झाल्यावर म्हणाली, "माज्या पदरात काय व्हता ता मला तुमी सांगायला व्हया काय?"

तिने पेंढी बाजूला ठेवली.

"भाऊंना सांगायचा व्हता. हितं, माज्या दारात, माज्यासमोर. दर वर्साला यायचे. त्या तिथं बसायचे, चाय प्यायचे. इचारायचे, भागी, कागद घेतेस? मी म्हनायची, साक्षीदार आला काय? मग लिवायचे काय ता आनि जायचे. मी राग पयल्याच वर्साला सोडला व्हता, सायब. पन म्हटला, त्यांचा कागद पुरा होऊं दे. त्यांना सगळा लेखी लागायचा ना."

तिने डोळे पुसले. मग पदर खोचला आणि म्हणाली, "बसा. चाय टाकते," आणि आत गेली.

मी पडवीत बसलो. भाऊ कुठे बसायचे ते तिने हाताने दाखवलं होतं, ती जागा सोडून बसलो. खिशात निकालपत्र होतं. एस.टी.त बसल्या बसल्या मी त्याच्या पाठीवर सहा ओळींच्या खाली सातवी ओळ लिहिली होती, "साक्षीदार हजर", आणि पुढे सही केली होती. नीट वाचून केली होती. तो कागद मी बाहेर काढला नाही.